थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: दिवाळीला घरी यायचं तिकीट नेमकं कधी काढायचं?

मुंबईहून बँकॉक साधारण साडेचार तासांवर आहे. मुंबई-नागपूर रेल्वेप्रवासाच्या निम्म्याहून कमी वेळात माणूस दुसऱ्या देशात पोहोचतो. त्यामुळे निवृत्तीनंतर वर्षातले सहा-आठ महिने चियांग माई, हुआ हिन किंवा पट्टायात राहायचं आणि सणासुदीला घरी यायचं, हा बेत आता मराठी घरांमध्येही ऐकू येतो. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या भारतीयाला हा व्हिसा मिळू शकतो. पैशांची अट आहे, पण सगळी माहिती त्या अटीचीच दिली जाते. गाडी अडते ती तारखांवर.

‘व्हिसा मिळाला आहे, मग दिवाळीला आठ दिवस घरी जाऊन येऊ’ असं म्हणत अनेक जण तिकीट काढतात. बँकॉकच्या विमानतळावर पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि त्याच क्षणी थायलंडमधल्या मुक्कामाची परवानगी संपते. व्हिसासाठीची महिनोन्‌महिन्यांची धावपळ एका तिकिटात शून्यावर येते. हे टाळायला फक्त १,००० बाट लागतात. ते कुठे, कधी आणि का भरायचे, हे समजण्यासाठी आधी एक मूळ गोंधळ सोडवावा लागतो.

व्हिसा वेगळा, मुक्कामाची परवानगी वेगळी

आपण रोजच्या बोलण्यात दोन्हींना ‘व्हिसा’च म्हणतो. थायलंडच्या नियमांत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. त्यावर असलेली मुदत सांगते, की या तारखेच्या आत देशात पाऊल ठेवा. आत आल्यावर इमिग्रेशन अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो आणि त्यात दुसरी तारीख देतो. ही तारीख सांगते, की इथे कधीपर्यंत राहता येईल. पहिली तारीख उलटून गेली तरी दुसरी चालू असू शकते. उलटही होतं. व्हिसाची मुदत बाकी असते, पण मुक्काम संपलेला असतो.

भारतीयांना रिटायरमेंटसाठी यातले दोन प्रकार उपयोगाचे आहेत. एक ‘नॉन-इमिग्रंट ओ’. हा साधारणपणे एकदाच प्रवेश देणारा असतो. तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो आणि उतरल्यावर ९० दिवस मिळतात. पुढे थायलंडमध्येच अर्ज करून ते एक वर्षाने वाढवता येतात. दुसरा ‘ओ-ए’. यात थेट वर्षभराचा मुक्काम मिळतो, पण आरोग्य विमा, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, सगळं आधीच द्यावं लागतं. ‘ओ-एक्स’ नावाचा दहा वर्षांचा प्रकारही इंटरनेटवर दिसतो, पण तो ठरावीक १४ देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. त्यावर वेळ घालवू नये.

भारतात बसून वाट पाहताना

१ जानेवारी २०२५ पासून थायलंडच्या सगळ्या दूतावासांचं काम ई-व्हिसावर गेलं. महाराष्ट्रातल्या माणसाचा अर्ज मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातो, पण ऑनलाइन. पासपोर्ट जमा करावा लागत नाही. ही सुरुवात करताना दूतावासाने शुल्क मिळाल्यापासून साधारण १४ दिवस लागतील, असं सांगितलं होतं. हा आकडा धरून तिकीट काढणं मात्र धोक्याचं. एखादं कागदपत्र कमी असल्याचा ईमेल आला, मध्ये थायलंडच्या आणि आपल्या सुट्ट्या आल्या, की १४ चे २५ दिवस व्हायला वेळ लागत नाही.

पासपोर्ट हातातच असतो, म्हणून ‘अर्ज टाकलाय, तोवर मुलाकडे दुबईला जाऊन येऊ’ असं सुचणं स्वाभाविक आहे. तो मोह टाळलेला बरा. ज्या देशातून अर्ज केला तिथे अर्जदार असावा, ही ई-व्हिसाची साधी अपेक्षा आहे.

ओ-ए घेणाऱ्यांना आणखी एक पेच सांभाळावा लागतो. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रातून दाखला मागितल्यावर पोलीस पडताळणी कधी दोन दिवसांत होते, कधी तीन आठवडे लागतात. त्यामुळे दाखला आधी मागवायचा, तो हातात आला की वैद्यकीय तपासणी करायची आणि मग लगेच अर्ज. सगळं हौसेने सहा महिने आधी करून ठेवलं, तर दोन्ही कागद परत काढावे लागतात.

‘व्हिसाशिवायच जाऊ, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ हाही एक मार्ग आहे आणि तो कायदेशीर आहे. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाविना ६० दिवसांचा प्रवेश देण्यात आला. ही सवलत नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांनी सुरू झाली होती आणि तिच्यात फेरबदलाची चर्चा सतत चालू असते, म्हणून तिकिटाच्या आधी त्या आठवड्यातला नियम बघावा. या मार्गाने गेलेल्याला मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक असताना नॉन-ओ साठी अर्ज करावा लागतो. शुल्क २,००० बाट. निकाल त्याच दिवशी मिळत नाही, साधारण दोन आठवड्यांनी बोलावतात. या दोन आठवड्यांत देश सोडला तर अर्ज बुडाला. ज्यांच्या घरी वयस्कर आई-वडील आहेत किंवा मुलीची प्रसूती जवळ आली आहे, त्यांनी हा मार्ग घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. भारतातून व्हिसा घेऊन जाणं त्यांच्यासाठी जास्त निवांत.

८ लाख बाट आणि दोन महिने

आता मुख्य गणित. ९० दिवसांचा मुक्काम एक वर्षाने वाढवायचा असेल, तर थायलंडमधल्या बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट लागतात. बाटचा भाव बदलत असतो, पण अंदाजाला २० ते २४ लाख रुपये धरावेत. दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवण्याचा पर्यायही आहे. पण नव्याने गेलेल्या माणसाकडे तिथल्या बँकेत दर महिन्याला पैसे आल्याची नोंदच नसते, म्हणून पहिल्या वर्षी बहुतेक जण ठेवीचाच रस्ता धरतात.

ही रक्कम अर्जाच्या दिवशी असून भागत नाही. ती त्याआधी सलग दोन महिने खात्यात पडून असली पाहिजे. मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही. त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे वर्षातले पाच महिने ८ लाख आणि उरलेले सात महिने ४ लाख अडकलेले. हे ज्याला परवडतं त्यालाच हा व्हिसा परवडतो, महिन्याचा खर्च कितीही कमी येवो.

समजा, पुण्याचं एक जोडपं नॉन-ओ घेऊन १ ऑक्टोबरला बँकॉकला उतरलं. उतरल्याचा दिवस पहिला धरला जातो, त्यामुळे ९० वा दिवस येतो २९ डिसेंबरला. वर्षभराच्या मुदतवाढीचा अर्ज साधारणपणे शेवटच्या ३० दिवसांत घेतात, म्हणजे ३० नोव्हेंबरपासून पुढे. कागदावर महिनाभर हातात आहे.

पण पैशांची तारीख वेगळं सांगते. घर शोधणं, घरमालकाकडून पत्त्याची नोंद, बँकेत खातं उघडणं, मग भारतातून रक्कम मागवणं. यात तीन आठवडे सहज जातात. पैसे २० ऑक्टोबरला जमा झाले, तर दोन महिने पूर्ण होतात २० डिसेंबरला. महिनाभराची खिडकी दहा दिवसांवर आली आणि त्यातही शनिवार-रविवार आले. पैसे ५ नोव्हेंबरला पोहोचले तर? दोन महिने ५ जानेवारीला भरतात आणि मुक्काम २९ डिसेंबरलाच संपतो. सगळे पैसे तिथे आहेत, सगळे कागद तयार आहेत, तरी अर्ज करता येत नाही. मग उरतो देश सोडून नव्याने सुरुवात करण्याचा मार्ग, तोही पैसे थायलंडच्या खात्यात ठेवून.

इथूनच तिकिटाचा पहिला नियम निघतो. उतरल्यापासून पहिले तीन आठवडे कुठलीही सहल नाही. क्राबी आणि फुकेट कुठे पळून जात नाहीत. आधी खातं, मग पैसे, मग समुद्र.

जोडप्यातला एक जण पंधरा दिवस उशिरा येणार असेल तर शिक्क्यावरच्या तारखा दोन होतात. प्रत्येक वर्षी दोन वेगळ्या फेऱ्या, दोन वेगळ्या मुदती. पती किंवा पत्नीपैकी एकाच्या ठेवीवर दुसऱ्याला अवलंबून म्हणून राहता येतं, पण त्यासाठीही दोघांच्या तारखा जुळलेल्या असल्या तर काम सोपं होतं. एकाच विमानाने जाणं इथे हौसेपेक्षा सोयीचं आहे.

एजंट लोक ‘पैसे नसले तरी चालेल, आम्ही खात्यात दाखवतो’ असंही सांगतात. यात शिक्का पासपोर्टवर बसतो, पण खोट्या शिलकीवर. पुढच्या वर्षी वेगळा अधिकारी वर्षभराचं पासबुक मागतो तेव्हा एजंट समोर नसतो.

मार्च-एप्रिलची हुशारी का फसते

भारतातून बाहेर पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. ८ लाख बाट त्यात आरामात बसतात. अडचण आहे टीसीएसची. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. शिक्षण आणि उपचारांसाठी दर वेगळे आहेत, निवृत्तीच्या ठेवीला ती सवलत नाही. २२ लाख पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार. हा खर्च नाही, विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर रक्कम अडकते, आणि ऐनवेळी खात्यात तेवढे पैसे कमी पडले तर थायलंडला जाणारा आकडा ८ लाख बाटच्या खाली येतो.

मग कुणीतरी सुचवतं, की निम्मे ३१ मार्चच्या आत पाठवा, निम्मे एप्रिलमध्ये. दोन आर्थिक वर्षं, दोन वेळा १० लाखांची सूट. कल्पना चोख आहे, पण दोन महिन्यांचं मोजमाप पूर्ण ८ लाख जमा झाल्यापासून सुरू होतं, पहिल्या हप्त्यापासून नाही.

हे जोडपं २० फेब्रुवारीला उतरलं असं धरू. ९० वा दिवस २० मे. दुसरा हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला तर दोन महिने जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतात. गेलं. १० मार्चला उतरलं तर ९० वा दिवस ७ जून. आता दुसरा हप्ता ६ एप्रिलच्या आत पोहोचायलाच हवा. आपल्याकडे १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. ६ एप्रिलला थायलंडमध्ये चक्री दिनाची सुट्टी. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष, तेव्हा तर सगळा देश पाण्यात. जूनच्या टोकाला ३ तारखेला राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. कागदावर जमतं, पण एक-दोन दिवसांच्या फटीत. टीसीएसचे दोन लाख काही महिने अडकू देणं यापेक्षा स्वस्त पडतं.

ते १,००० बाट

आता सुरुवातीच्या दिवाळीकडे. १ ऑक्टोबरला उतरलेल्या जोडप्याला नोव्हेंबरमध्ये आठ दिवस घरी यायचं आहे. त्यांचा नॉन-ओ एकदाच प्रवेश देणारा होता आणि तो प्रवेश १ ऑक्टोबरलाच वापरला गेला. तसेच निघाले, तर परत येताना ते पुन्हा साधे पर्यटक असतील. बँकेत ८ लाख असतील, पण त्यांच्यावर वाढवायला मुक्कामच उरलेला नसेल.

यासाठी असतं री-एंट्री परमिट. अर्जाचं नाव टीएम ८. एका फेरीसाठी १,००० बाट, कितीही फेऱ्यांसाठी ३,८०० बाट. इमिग्रेशन कार्यालयात मिळतं, आणि बँकॉकच्या सुवर्णभूमीसारख्या मोठ्या विमानतळावर निघतानाही काढता येतं. घरून वाईट बातमी आली आणि रात्रीच निघायचं ठरलं, तर विमानतळावरची ही खिडकी फार मोलाची असते. फक्त अशा वेळी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावं आणि पासपोर्ट आकाराचा फोटो व रोख बाट जवळ असावेत. ज्यांचे आई-वडील ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात कितीही फेऱ्यांचं परमिट काढून ठेवावं. चौथ्या फेरीला पैसे वसूल होतात आणि त्या रात्री रांगेत उभं राहावं लागत नाही.

या परमिटबद्दल दोन गैरसमज फार पसरलेले आहेत.

पहिला असा, की परत आल्यावर नवे ९० दिवस किंवा नवं वर्ष मिळतं. तसं होत नाही. परमिट जुनी तारीख जपून ठेवतं, वाढवत नाही. दिवाळी करून १५ नोव्हेंबरला परतलेल्या जोडप्याच्या शिक्क्यावर पुन्हा २९ डिसेंबरच येते. तो शिक्का काउंटरवरच वाचून घ्यावा. अधिकाऱ्याच्या नजरेतून परमिट सुटलं आणि व्हिसाविना प्रवेशाचा शिक्का बसला, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणं सोपं असतं, घरी गेल्यावर नाही. १ मे २०२५ पासून थायलंडला येण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. ते प्रत्येक फेरीला नव्याने भरायचं असतं, परमिट असलं तरी.

दुसरा गैरसमज असा, की एकदा काढलं की वर्षभर चालतं. परमिटचं आयुष्य मुक्कामाइतकंच. नोव्हेंबरमध्ये घेतलेलं परमिट २९ डिसेंबरला संपतं. वर्षाची मुदतवाढ मिळाली, की त्यावर नवं परमिट. बरेच जण मुदतवाढ घेतात, आनंदात कार्यालयाबाहेर पडतात आणि थेट विमानतळ गाठतात. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाट. त्याच फेरीत शेजारच्या खिडकीवर परमिटही काढून टाकावं.

या प्रवासाने बँकेतल्या दोन महिन्यांना मात्र काही होत नाही. माणूस कुठेही असो, पैसे तिथे असले की दिवस मोजले जातात.

‘विचाराधीन’ म्हणजे काय

मुदतवाढ अनेक कार्यालयांत त्याच दिवशी मिळते. सकाळी बँकेतून शिलकीचं पत्र आणि त्याच तारखेची नोंद केलेलं पासबुक घ्यायचं, कागद द्यायचे, दुपारी पासपोर्ट परत. पण काही ठिकाणी अर्ज ‘विचाराधीन’ असल्याचा शिक्का देतात आणि काही आठवड्यांनी बोलावतात. त्या तारखेपर्यंत थायलंडमध्ये राहणं कायदेशीर असतं, मूळ मुक्काम मधल्या काळात संपला तरीही.

नेमक्या या काळात नाताळच्या सुट्टीत नातवंडांना भेटायचं तिकीट असतं. तारीख जवळ असेल तर प्रवास पुढे ढकलणं हाच शहाणपणा. अगदीच टळत नसेल, तर ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथेच जाऊन विचारायचं, परमिट घेऊनच निघायचं आणि बोलावलेल्या तारखेच्या आत परतायचं. ती चुकली की अर्जही गेला. म्हणून डिसेंबरअखेर अर्ज करणाऱ्याने जानेवारीचं तिकीट काढताना तारीख बदलता येणारं घ्यावं. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

पहिल्या दिवशीची तारीख दरवर्षी भेटते

हा भाग सहसा कुणी सांगत नाही आणि पुढे दहा वर्षं तोच छळतो. वर्षाची मुदतवाढ अर्जाच्या तारखेपासून नाही, आधीचा मुक्काम संपतो त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे १ ऑक्टोबरला उतरलेल्याची वार्षिक तारीख २९ डिसेंबर ठरली. पुढच्या वर्षी तीच. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच.

मुदतवाढीचा अर्ज भारतातून करता येत नाही. माणूस स्वतः थायलंडमध्ये हजर लागतो. म्हणून दर डिसेंबरला हे जोडपं तिथे असणं भाग आहे. त्याआधी दोन महिने, म्हणजे ऑक्टोबरअखेर, खात्यात पुन्हा ८ लाख भरलेले हवेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलगा अमेरिकेहून पुण्याला येत असेल तर दरवर्षी ओढाताण ठरलेली. लग्नाचे मुहूर्तही डिसेंबरमध्ये कमी नसतात.

त्यामुळे पहिलं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उलटं वाचावं. वर्षातला असा कुठला महिना आहे, जेव्हा घरी काही नसतं? गणपती नाहीत, दिवाळी नाही, शाळेच्या सुट्ट्या नाहीत. बहुतेक मराठी घरांत तो जुलै. तिथेही पावसाळा असतो, इथेही. वार्षिक तारीख जुलैच्या मध्यावर हवी असेल तर ९० दिवस मागे मोजायचे, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर उतरायचं. पण एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान. मग १८-२० एप्रिल धरावा, तेव्हा कार्यालयं आणि बँका पुन्हा रुळावर येतात. २० एप्रिलला उतरलं तर ९० वा दिवस १८ जुलै. गणपतीला घरी यायला तोवर वर्षाचा शिक्का आणि परमिट दोन्ही हातात असतात.

उन्हाळ्यात थायलंड भाजून निघतो, हे खरं आहे. पण तो एकच उन्हाळा, तारीख मात्र कायमची.

ओ-ए घेतलेल्यांचं गणित थोडं वेगळं आहे. व्हिसाची मुदत चालू असताना प्रत्येक प्रवेशाला नवा मुक्काम मिळतो, वर्षभरापर्यंत, विम्याची मुदत त्याहून कमी असेल तर तेवढाच. म्हणून व्हिसा संपायच्या आठवडाभर आधी एक फेरी मारून परत आलं, की जवळजवळ आणखी एक वर्ष पदरात पडतं. पण त्यासाठी विमाही पुढच्या वर्षाचा झालेला हवा. विम्याचं नूतनीकरण आधी, ती फेरी नंतर. आणि व्हिसाची मुदत संपली, की ओ-ए वाल्यालाही परमिटशिवाय बाहेर पडता येत नाही.

जाता-येता लक्षात ठेवायच्या तारखा

थायलंडमध्ये सलग ९० दिवस राहिलं, की पत्ता कळवावा लागतो. ९० व्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत हे करता येतं. चुकलं तर २,००० बाट दंड. देशाबाहेर जाऊन आलं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे दर दोन महिन्यांनी घरी येणाऱ्याला याची गरजच पडत नाही. मुदतीनंतर राहिल्यास रोज ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. पैशांपेक्षा पासपोर्टवरची ती नोंद पुढच्या अर्जाला जास्त महाग पडते.

कराचं वर्ष दोन्हीकडे वेगळं आहे. भारतात एप्रिल ते मार्च आणि १८२ दिवस, थायलंडमध्ये जानेवारी ते डिसेंबर आणि १८० दिवस. १ ऑक्टोबरला निघालेल्या माणसाने एप्रिल ते सप्टेंबर हे १८३ दिवस भारतात घालवलेले असतात, म्हणजे त्या वर्षी तो भारतातच निवासी ठरतो आणि थायलंडमधलं बँक खातं त्याला विवरणपत्रात दाखवावं लागतं. थायलंडने १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या करनिवासी व्यक्तीने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरचे नियम कडक केले आहेत. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण वर्षाला १८० दिवस ओलांडणार असतील तर ते ओलांडण्याआधी सीएशी बोलावं, नंतर नाही.

सरकारी पेन्शन घेणाऱ्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, वय ८० च्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासून देता येतो. त्यासाठी खास तिकीट काढायची गरज राहिलेली नाही. ‘जीवन प्रमाण’ची चेहरा ओळखण्याची सोय मोबाइलवर आहे. ती निघण्याआधी घरीच एकदा करून पाहावी, कारण आधार आणि मोबाइल क्रमांक जुळत नसल्याचं परदेशात कळलं तर फार फिरावं लागतं.

आणि पासपोर्ट. थायलंड पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मुक्काम देत नाही. सात महिने उरले असतील तर वर्षाची मुदतवाढ सात महिन्यांचीच मिळते आणि जपून ठरवलेली वार्षिक तारीखही हलते. दीड वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल, तर पासपोर्ट भारतातच नवा करून मग व्हिसाचा अर्ज करावा. तिथे असताना संपत आला तर बँकॉकमधल्या भारतीय दूतावासातून नवा मिळतो, पण मग जुन्या पासपोर्टवरचे शिक्के इमिग्रेशन कार्यालयात जाऊन नव्यावर घ्यावे लागतात. ते होईपर्यंत प्रवासात दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे, जुना घरी कपाटात नाही.